मलय भाषेचा पहिला धडा: 'पांढरा कांदा' म्हणाल आणि लसणाचा भाव विचारला जाईल



निर्यातीवर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मलेशियाला कांदा पाठवायचा तर मलय भाषा शिकावी लागेल का?" सरळ उत्तर देतो. 'लागेलच' असं नाही. करार, बिल, बँकेचे कागद इंग्रजीतच ठेवा. मलेशियातले कितीतरी व्यापारी घरी तमिळ किंवा चिनी बोलतात आणि धंद्यात इंग्रजी वापरतात. पण रोजचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हॉइस नोट, गोदामातल्या माणसाचा फोन, पिशवीवरचं लेबल, या सगळ्यात मलय येतेच. आणि तिथं एक शब्द चुकला तर काय होतं, ते आधी बघू.

मलयमध्ये 'बावांग' म्हणजे कांदा, असं कुठल्याही ॲपवर सापडेल. 'पूतीह' म्हणजे पांढरा, 'मेराह' म्हणजे लाल. मग तुम्ही हुशारीनं शब्दाला शब्द जोडता आणि पांढऱ्या कांद्यासाठी 'बावांग पूतीह' असा भाव पाठवता. समोरचा लसूण समजतो. कारण 'बावांग पूतीह' हे लसणाचं नाव आहे. बरं, आपल्या सोलापूर मार्केटला जातो तो लाल कांदा 'बावांग मेराह' म्हणून पाठवला, तर त्याच्या डोळ्यासमोर येतो सांबारात टाकतात तो छोटा कांदा. आपल्या नेहमीच्या कांद्याला तिथं म्हणतात 'बावांग बसार', म्हणजे 'मोठा बावांग'. एका कंटेनरच्या व्यवहारात हा घोळ केवढ्याला पडेल, तुम्हीच हिशोब करा. त्यामुळं कोटेशनवर मालाचं नाव, साइज मिलिमीटरमध्ये आणि मालाचा फोटो, तिन्ही टाकायचे.

आता मुद्द्यावर येतो. मलय शिकवणारी बहुतेक पुस्तकं आणि ॲप इंग्रजीतून शिकवतात. आपण इंग्रजीचा वळसा घ्यायचाच नाही. मराठी माणसाला मलयच्या काही गोष्टी इंग्रजीवाल्यापेक्षा लवकर कळतात, कारण त्या आपल्या बोलण्यात आधीच आहेत. वही घ्या. उच्चार व्हिडिओत ऐका, नियम इथं वाचा.

उच्चार: दोनच गोष्टी लक्षात ठेवा

मलय आज रोमन अक्षरात लिहितात. त्यात 'सी' हे अक्षर दिसलं की डोळे झाकून 'च' म्हणायचं. दुसरं, 'ई' हे अक्षर बऱ्याचदा आपल्या 'अ'सारखं असतं. 'बसार' लिहिताना 'ब'नंतर 'ई' लिहितात, पण तोंडातून निघतो आपल्या 'बस'मधला 'ब'. काही शब्दांत मात्र त्याच अक्षराचा खरा 'ए' होतो, जसं 'मेराह'. ते ऐकूनच बसतं. क्वालालंपूरकडं शब्दाच्या शेवटचा 'आ'सुद्धा 'अ'कडं झुकतो, म्हणजे लिहितात 'कीता' आणि ऐकू येतं 'कीत'. दचकू नका.

अर्धे शब्द ओळखीचे निघतात

आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या समुद्रव्यापाराच्या पुस्तकात तगरचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. त्याच पुस्तकात पूर्वेकडच्या 'क्रिसे' म्हणजे सोन्याच्या देशाचाही उल्लेख येतो आणि अभ्यासक तो मलाया-सुमात्राच्या बाजूला शोधतात. पुढं या पूर्वेच्या वाटेनं संस्कृत शब्द तिकडं गेले. सुमात्रात इ.स. ६८३ चा जुन्या मलयमधला शिलालेख सापडलाय, तोही दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत.

म्हणून आज 'बाहासा' म्हणजे भाषा, 'लाबा' म्हणजे लाभ, 'दन्दा' म्हणजे दंड. किमतीला 'हार्गा' म्हणतात, तो संस्कृत 'अर्घ'. आपला 'महाग' हा शब्द 'महार्घ'वरूनच आला, म्हणजे एकाच घरातले. भांडवलाला म्हणतात 'मोदाल'. हा तमिळमधून गेला आणि आपला 'मुद्दल' आठवला की विसरणार नाही. खुर्ची ती 'करुसी', साबण तो 'साबून', प्रतिनिधी तो 'वाकील', आणि ख्यालीखुशाली विचारायची तर 'आपा खाबार?', म्हणजे 'काय खबर?'. उत्तर, 'खाबार बाईक', सगळं ठीक. यात मोटारसायकल नाही.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द. उद्योजकाला मलयमध्ये म्हणतात 'उसाहावान'. 'उसाहा' हा 'उत्साह'वरून आला, आणि शेवटी आपल्या 'धनवान'मधलाच 'वान' लागलाय.

पण ओळखीच्या तोंडवळ्यावर भुलू नका. 'गुला' हा 'गुड'वरून गेलेला शब्द, पण अर्थ साखर. गुळाच्या पाकिटावर नुसतं 'गुला' छापलं तर गिऱ्हाईक साखर समजून उचलेल. 'सेवा' ऐकून सेवा वाटते, पण तिथं 'सेवा' म्हणजे भाडं. गोदामाच्या मेसेजमध्ये 'सेवा' दिसलं तर फुकटची सेवा समजू नका, बिल येणार आहे. 'माहाल' म्हणजे महाल नाही, महाग. हा शब्द तर भाव करताना दर दोन मिनिटांनी ऐकाल.

वाक्याची बांधणी

मराठीत क्रियापद शेवटी, मलयमध्ये मधे. 'मी कांदा विकतो' हे होतं 'साया जुआल बावांग', मी विकतो कांदा. विशेषण नामाच्या मागं जातं: कांदा मोठा, भाव हा, नाव माझं. 'नामा साया' म्हणजे माझं नाव. 'हार्गा ईनी' म्हणजे हा भाव.

लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणं बदलत नाही. मी 'जुआल', तू 'जुआल', ती 'जुआल', काल 'जुआल', उद्या 'जुआल'. तो कांदा, ती मिरची, ते आलं ही कटकट तिथं नाहीच. प्रश्न विचारायचा तर बोलण्यात शेवटी 'क' लावतात. 'बोलेह क?' म्हणजे 'जमेल का?' आपला 'का' आणि त्यांचा 'क' यांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे, पण फायदा पुरेपूर घ्या.

'आम्ही' आणि 'आपण'

इंग्रजीत एक 'वी', हिंदीत एक 'हम'. मराठीत दोन: आम्ही, म्हणजे तुम्ही सोडून, आपण, म्हणजे तुम्हाला धरून. मलयमध्ये हेच आहे. 'कामी' म्हणजे आम्ही, 'कीता' म्हणजे आपण. इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजून घ्यायला वेळ लागतो, आपल्याला शिकवायचीच गरज नाही.

धंद्यात याचा उपयोग बघा. 'कीता बिन्चांग हार्गा' म्हणजे आपण भावावर बोलू. समोरचा टेबलाला आला. 'कामी बिन्चांग हार्गा' म्हणजे आम्ही आमच्यात भावावर बोलतो, तुम्ही थांबा. दोन्ही वाक्यं कामाची आहेत. गटातल्या बाकीच्या शेतकऱ्यांना विचारून सांगायचं असेल तर दुसरं वापरा. पण जोडायला निघालात आणि तोंडातून 'कामी' गेलं, तर तुम्ही त्याला दाराबाहेर उभं केलं. एकच काळजी घ्या. मराठीत आपण आदरानं 'तुम्ही'च्या जागी 'आपण' म्हणतो. तिथं 'कीता' वापरू नका.

मग 'तुम्ही'ला काय? 'आवाक', 'आन्दा' असे शब्द आहेत, पण नव्या माणसाला थेट सर्वनाम लावण्यापेक्षा पुरुषाला 'अन्चीक' आणि बाईला 'पुआन' लावून नावानं बोला. बाजारात ओळख झाली की दादाला 'आबांग', ताईला 'काकाक', काकाला 'पाक चीक', मावशीला 'माक चीक'. अनोळखी माणसाला नात्यात ओढून घ्यायची आपली सवय तिथंही चालते. आभाराला 'तरीमा कासीह', आणि त्याला उत्तर 'सामा-सामा'.

चार नकार: इथं जरा थांबा

मला विचाराल तर पहिल्या महिन्यात बाकी काही नाही आलं तरी चालेल, हे यायला पाहिजे.

'तीदाक' म्हणजे नाही. 'तीदाक माहाल', महाग नाही. बोलताना त्याचं 'ताक' होतं. आपलं प्यायचं ताक नव्हे. 'ताक बोलेह', नाही जमणार.

'बुकान' म्हणजे नव्हे. वस्तू किंवा माणूस 'तो नव्हे' असं सांगायचं तेव्हा. आपल्याकडं गावात म्हणतात, 'त्यो न्हवं, ह्यो'. तसंच. 'ईनी बुकान बावांग पूतीह', हा लसूण नव्हे. इथं 'तीदाक' चालत नाही.

'बलूम' म्हणजे अजून नाही. हा शब्द सोन्याचा आहे. 'पैसे दिले का?' याला 'तीदाक' म्हटलं तर 'देत नाही' असा सूर येतो. 'बलूम' म्हटलं तर 'अजून दिले नाहीत, द्यायचेत'. समोरच्यानं 'बलूम' म्हटलं की दार उघडं आहे, 'तीदाक' म्हटलं की कारण विचारायला पाहिजे.

एक खरी वेळ आठवून बघा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांदा निर्यात बंद केली. ४ मे २०२४ ला ती उघडली, तेही ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भाव या अटींवर. मधले जवळजवळ पाच महिने मलेशियातल्या खरेदीदाराला काय कळवायचं? तो विचारणार, 'बोलेह हांतार?', म्हणजे पाठवता येईल का? 'तीदाक बोलेह' लिहिलं तर त्यानं समजायचं, यांचं संपलं, दुसऱ्या देशातून घेऊ. 'बलूम बोलेह' लिहिलं तर अर्थ होतो, अजून जमत नाही. दोन्ही खरंच आहे. फरक एवढाच की बंदी उठल्यावर पहिला फोन कुणाला लागतो.

चौथा 'जाङान', म्हणजे नको, करू नका. 'जाङान हांतार', पाठवू नका. हा मेसेज आला की गाडी थांबवा आणि आधी फोन करा. मात्र मराठीत 'मला नको' यालाही 'नको' लागतो. मलयमध्ये 'जाङान' फक्त मनाईला. 'मला नको' असेल तर 'साया तीदाक माहू'.

पैसे दिले की देणार?

क्रियापद बदलत नाही म्हटल्यावर काळ कसा कळतो? क्रियापदाच्या आधी छोटा शब्द येतो. 'सुदाह' म्हणजे झालं, 'सदांग' म्हणजे चालू आहे, 'आकान' म्हणजे होणार. 'बायार' म्हणजे पैसे देणं.

'सुदाह बायार' म्हणजे पैसे दिले. 'आकान बायार' म्हणजे देणार. आणि घाईत माणूस तो छोटा शब्द गाळतो आणि नुसतं 'बायार एसोक' लिहितो. 'एसोक' म्हणजे उद्या, म्हणून इथं अर्थ लागला, उद्या देतो. पण नुसतं 'बायार' आलं तर? काही समजायचं नाही. विचारायचं, 'सुदाह बायार?' त्याचं उत्तर 'सुदाह' किंवा 'बलूम' असं एका शब्दात येतं.

हे एवढं लांबवून सांगतोय, कारण मूळ बिल ऑफ लेडिंग हातातून गेलं की माल सोडवून घ्यायचा कागदच गेला. 'सुदाह बायार' असं लिहून सोबत पावतीचा फोटो आला तरी आपल्या बँकेला विचारायचं, रक्कम जमा झाली का. भाषा कळणं वेगळं आणि पैसे येणं वेगळं.

तुळजापूरच्या अंबाबाईचा अनुस्वार

मलय व्याकरणात नवशिक्याला घाबरवणारी गोष्ट म्हणजे शब्दाच्या पुढं लागणारे उपसर्ग. इंग्रजी पुस्तकं त्याचं मोठं कोष्टक देतात. आपण ते शाळेत शिकलोय, नाव वेगळं होतं.

'अंबा' म्हणताना अनुस्वाराचा 'म्' होतो, कारण पुढं 'ब' आहे. 'अंत' म्हणताना 'न्', 'गंगा' म्हणताना 'ङ्'. पुढचं अक्षर ज्या वर्गातलं, त्या वर्गाचं अनुनासिक. मलयमधला कर्तरी उपसर्ग 'मं' आहे असं समजा. 'बली' म्हणजे विकत घेणं, त्याला 'मं' लावलं की 'मम्बली'. 'जुआल'ला लावलं की 'मन्जुआल'. 'हांतार'ला लावलं की 'मङ्हांतार'. करणाऱ्या माणसासाठी 'पं': 'पम्बली' म्हणजे खरेदीदार, 'पन्जुआल' म्हणजे विक्रेता. मागं 'आन' लावलं की नाम होतं: 'पम्बायारान' म्हणजे पेमेंट.

एक गोम आहे. मूळ शब्द क, त, प, स यांनी सुरू होत असेल तर ते अक्षर गायब होतं आणि अनुनासिक त्याच्या जागी बसतं. 'तुलिस' म्हणजे लिहिणं, त्याचं 'मनुलिस'. 'कीरिम' म्हणजे पाठवणं, त्याचं 'मङीरिम'. शब्दकोशात 'मनुलिस' 'म'खाली शोधत बसाल तर सापडेल याची खात्री नाही, 'त'खाली बघा. शब्दकोश कुणाचा? मलेशियाच्या सरकारी भाषा संस्थेचा ऑनलाइन कोश फुकट आहे. संस्था १९५६ ची आणि तिचं नाव 'देवान बाहासा दान पुस्ताका'. दिवाण, भाषा, पुस्तक. मधला 'दान' म्हणजे फक्त 'आणि'.

उलट बाजूला 'दी' आहे, कर्मणीसाठी. 'दीजुआल' म्हणजे विकलं जातं, 'दीहांतार' म्हणजे पाठवलं गेलं. 'बारांग सुदाह दीहांतार', माल पाठवला गेलाय. पण 'दी' असाच दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ '-मध्ये, -ला', आणि तो सुटा लिहितात: 'दी कदाय' म्हणजे दुकानात. आपण 'दुकानात' जोडून लिहितो म्हणून हात आपोआप जोडायला जातो. क्रिया असेल तर जोडा, जागा असेल तर तोडा. हे तिथल्या लोकांचंही चुकतं, त्यामुळं तुमचं बरोबर आलं तर लक्षात राहील.

आकडे

सातू, दुआ, तीगा, अम्पात, लीमा, अनाम, तुजुह, लापान, सम्बीलान, सपुलुह. दहापर्यंत पाठ करा, पुढं आकडे ओळीनं जातात. एकोणचाळीस, एकोणपन्नास असलं काही नाही. ३९ म्हणजे 'तीगा पुलुह सम्बीलान', तीन दहा नऊ. शंभर 'सरातुस', हजार 'सरीबू'.

आपण अडकतो लाखात. त्यांच्याकडं लाख नाही. एक लाख म्हणजे 'सरातुस रीबू', शंभर हजार. 'सजूता' म्हणजे दहा लाख. हा 'जूता' आला संस्कृत 'अयुत'वरून, ज्याचा आपल्याकडचा अर्थ दहा हजार! म्हणून आकडा तोंडी कधी पक्का करू नका. अंकात लिहून पाठवा आणि पुढं चलन लिहा, रिंगिट की डॉलर.

मोजताना वस्तूप्रमाणं शब्द लागतो, जसं आपण माणसांना 'चार जण' आणि मालाला 'चार नग' म्हणतो. माणसांना 'ओरांग', फळांना 'बीजी', जनावरांना 'एकोर', म्हणजे शेपूट. दहा उस्मानाबादी शेळ्या म्हणजे 'सपुलुह एकोर काम्बिंग उस्मानाबादी', अक्षरशः दहा शेपट्या शेळी. एकदा हसलात की कायमचं लक्षात राहतं.

लेबल वाचून बघा

मलेशियाच्या १९८५ च्या अन्न नियमांप्रमाणं तिथं तयार किंवा पॅक होणाऱ्या मालाचं लेबल मलयमध्ये लागतं. बाहेरून पॅक होऊन येणाऱ्या मालाला मलय किंवा इंग्रजी चालतं. म्हणजे तुम्ही शेंगदाणा चटणी पोत्यानं पाठवली आणि तिथल्या आयातदारानं छोट्या पाकिटात भरली, तर तुमच्या मालावर काय छापलंय ते मलयमध्ये असणार. त्याच्याकडून लेबलचा फोटो मागवायचा आणि स्वतः वाचायचा.

'बाहान-बाहान' म्हणजे घटक. शब्द दोनदा आला की अनेकवचन. 'बरात बर्सीह' म्हणजे निव्वळ वजन. 'तारीख लुपुत' म्हणजे मुदत संपण्याची तारीख, 'लुप्त' आठवा. 'नगारा आसाल' म्हणजे मूळ देश. यात नगारा वाजवायचा नाही, 'नगर'चा तिकडं 'देश' झाला, आणि 'आसाल' म्हणजे आपलं 'असल'. 'दीइम्पोर्त ओलेह' म्हणजे अमुक यांनी आयात केलेलं, 'दी' जोडलेला बघा. 'सिम्पान दी तम्पात सजूक दान करींग' म्हणजे थंड आणि कोरड्या जागी ठेवा, आणि इथं 'दी' सुटा.

'नगारा आसाल'च्या पुढं इंडिया नसेल, किंवा 'बाहान-बाहान'मध्ये तुम्ही न टाकलेलं काही असेल, तर त्याच दिवशी लेखी विचारा.

आता वहीत ही पाच वाक्यं मलयमध्ये लिहा: हा लसूण नव्हे. भाव महाग नाही. माल अजून पाठवला गेला नाही. आपण उद्या भावावर बोलू. पैसे दिले का?

उत्तरं: ईनी बुकान बावांग पूतीह. हार्गा तीदाक माहाल. बारांग बलूम दीहांतार. एसोक कीता बिन्चांग हार्गा. सुदाह बायार?